दाद आणि अभिप्राय

मराठीत ‘दाद’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. गाण्याच्या बैठकीत एखादी जागा सुरेख आली की आपण दाद देतो, आणि अन्याय झाला की सरकारदरबारी जाऊन दाद मागतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘न्याय’. बैठकीतल्या वाहवेतही हाच अर्थ दडलेला असावा : गवयाने जे केले ते आम्ही नेमके ऐकले, त्याचे मोल आम्हांला कळले. छंद म्हणून छायाचित्रे काढणारा माणूस आपले चित्र चार लोकांपुढे ठेवतो, तेव्हा तोही दोन्ही अर्थांनी दाद मागत असतो. कौतुक तर त्याला हवे असतेच. परंतु आपले चित्र कोणीतरी नीट पाहावे, ही त्याची मागणी त्याहून खोल असते. आपण बहुधा पहिली मागणी उदार मनाने पुरवतो आणि दुसरीला दाद लागू देत नाही.

आपल्या व्यवसायात हा छंद फार आढळतो. दिवसभर माणसांच्या तक्रारी ऐकणाऱ्याला काही काळ न बोलणाऱ्या गोष्टींकडे पाहावेसे वाटत असेल. किंवा दवाखाना स्थिरस्थावर झाल्यावर हाती चार पैसे आणि एखादा मोकळा रविवार येतो, हे साधे कारणही असेल. कारण काहीही असो, गणेशोत्सवातील आपल्या प्रदर्शनाच्या भिंतीवर दरवर्षी गीरचे सिंह, कच्छचे रण आणि लक्ष्मीविलास राजवाड्यामागचा चंद्र हे ठरलेले पाहुणे हजर असतात. त्यांच्यासमोर उभे राहून होणारे बोलणेही ठरलेले. ‘अप्रतिम!’ ‘वा, काय रंग आलेत!’ आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, ‘कॅमेरा कोणता?’ शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर नातेवाइकांनी शल्यविशारदाला चाकूची कंपनी विचारावी, तसा हा प्रश्न. तरीही आपण सारे तो विचारतो, कारण त्याने कोणाचेच मन दुखावत नाही.

२०१२ साली आम्ही दहा-बारा जणांनी, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दांडिया बाजारातील एका सभागृहात जमून एकमेकांची छायाचित्रे पाहावयाची, असे ठरविले. निम्मे डॉक्टर, उरलेल्यांत एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक वकील आणि गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या एक बाई. पहिले वर्ष वाहवा आणि पोहे यांत गेले. कोणी कोणास दुखावले नाही आणि कोणाच्या चित्रात तिळमात्र फरक पडला नाही.

या अवस्थेला आपल्याच शास्त्रात एक नाव आहे. जॅक एंडे या अमेरिकन वैद्यकाने १९८३ साली वैद्यकीय शिक्षणातील अभिप्रायावर एक लेख लिहिला. अध्यापनाच्या क्षेत्रातील वाचकांच्या तो परिचयाचा असेल. त्यात त्याने विरून जाणाऱ्या अभिप्रायाचे वर्णन केले आहे. शिक्षकाला विद्यार्थ्याचे मन दुखवायचे नसते, म्हणून तो मूळ मुद्द्याभोवती फिरत राहतो. विद्यार्थ्यालाही कटू काही ऐकण्याची धास्ती असते, म्हणून तो त्या फिरण्यालाच होकार देतो. आणि दोघे समाधानाने आपापल्या वाटेने जातात. मधल्या मध्ये अभिप्राय विरून जातो. आमच्या पहिल्या वर्षाचे याहून अचूक निदान दुसरे नाही.

याच लेखात एंडेने अभिप्राय आणि मूल्यमापन यांत भेद केला आहे. मूल्यमापन म्हणजे निकाल : पास की नापास, पहिला क्रमांक की उत्तेजनार्थ. अभिप्राय म्हणजे माहिती, जिच्या आधारे पुढचे पाऊल बदलता येईल. ‘फीडबॅक’ हा शब्द मुळी यंत्रविद्येतून आला, आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्बर्ट वीनरच्या सायबरनेटिक्सवरील ग्रंथाने तो सर्वदूर पोचला. आपणा डॉक्टरांना तर त्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. थायरॉइडचे संप्रेरक रक्तात किती आहे, हे मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला कळते आणि ती आपला हुकूम कमी-अधिक करते. ती थायरॉइडला ‘अप्रतिम’ म्हणत नाही आणि रागेही भरत नाही.

रागे भरण्याचा अनुभव मात्र आमच्या पिढीने वॉर्डात पुरेपूर घेतला. राउंडच्या वेळी रुग्णासमोर, त्याच्या नातेवाइकांसमोर आणि परिचारिकांसमोर निवासी डॉक्टरची अक्कल काढणे, हा त्या काळी अध्यापनाचाच एक प्रकार समजला जाई. त्यातून आम्ही शिकलो, असे माझे काही समवयस्क अभिमानाने सांगतात. आम्ही शिकलो हे खरे. परंतु त्या बोलण्यामुळे शिकलो की ते असूनही शिकलो, याचा निवाडा झालेला नाही. या अनुभवाची प्रतिक्रिया म्हणूनच की काय, पुढे स्तुती-टीका-स्तुती असा थर लावून अभिप्राय देण्याची पद्धत लोकप्रिय झाली. बालरोगतज्ज्ञाला तिच्याविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. कडू गोळी कुटून मुरंब्यात घालून दिली, तर मूल पहिल्या दिवशी फसते. दुसऱ्या दिवसापासून गोळी तर नाहीच, ते मुरंबाही खात नाही. छायाचित्रकारांचेही असेच होते. ‘चित्र उत्तम आहे’ एवढे ऐकताच ते पुढच्या ‘पण’साठी अंग चोरून बसतात, आणि खरीखुरी स्तुतीही त्यांच्या कामाची राहत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही निराळी रीत घेतली, आणि ती आपल्या तपासणीच्या रीतीवरूनच घेतली. विद्यार्थ्याला आपण प्रथम काय शिकवतो? हात लावण्यापूर्वी पाहा. पोट टाचण्या-चाचपण्याआधी ते श्वासाबरोबर हलते की नाही, ते पाहा. निदान शेवटी. त्याप्रमाणे चित्र पडद्यावर आले की दोन मिनिटे कोणी बोलावयाचे नाही. मग पाळीपाळीने प्रत्येकाने चित्रात काय आहे एवढेच सांगावयाचे. चांगले, वाईट, सुंदर, भडक ही विशेषणे या फेरीत वर्ज्य. डावीकडे एक सायकल आहे. तिचे मागचे चाक चौकटीबाहेर गेले आहे. प्रकाश उजवीकडून येतो आहे. मते त्यानंतर. दोन मिनिटे हा काळ ऐकावयास लहान वाटतो. बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला तो असह्य होतो, हे मी पाहिले आहे.

ही रीत रुळावी म्हणून एकदा आम्ही आमच्यापैकी कोणाचे नव्हे, तर एका व्यावसायिक वृत्तछायाचित्रकाराचे जगप्रसिद्ध चित्र पाहावयास घेतले. १९९३ च्या मार्चमध्ये सुदानच्या दक्षिण भागातील आयोड या गावी दक्षिण आफ्रिकेच्या केविन कार्टरने काढलेले : जमिनीवर कोसळलेले उपाशी मूल आणि मागे काही अंतरावर बसलेले गिधाड. त्याच महिन्यात ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आले. १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत कार्टरने आत्महत्या केली. या चित्रावर जगाने जो अभिप्राय दिला तो सर्वांना ठाऊक आहे : छायाचित्रकाराने मुलाला उचलावयाचे सोडून कॅमेरा उचलला. आमच्या मंडळींनीही वर्णनाच्या फेरीत गिधाड सांगितले, मुलाच्या बरगड्या सांगितल्या, सुके गवत सांगितले. मुलाच्या उजव्या मनगटावरील पांढरी पट्टी कोणी सांगितली नाही. ती नीट दिसते. अन्नवाटप केंद्रात नोंद झालेल्या मुलांना अशी पट्टी बांधीत. तिच्यावरील ‘टी’ या अक्षराचा अर्थ तीव्र कुपोषण, आणि त्यापुढील ३ हा केंद्रात आल्याचा क्रमांक. म्हणजे हे मूल आधीच कोणाच्या तरी देखरेखीखाली आलेले होते. २०११ साली एका स्पॅनिश दैनिकाच्या पत्रकाराने त्या गावी जाऊन शोध घेतला, तेव्हा कुटुंबीयांनी सांगितले की ज्याला जग मुलगी समजत होते तो मुलगा होता, त्या दुष्काळातून तो वाचला, आणि पुढे २००७ च्या सुमारास तापाने गेला. कार्टरने काय करावयास हवे होते, हा वाद यामुळे मिटत नाही, आणि मी तो मिटवू इच्छित नाही. तथापि लक्षावधी लोकांनी पाहिलेल्या चित्रातील एक ठळक वस्तू निकाल देण्याच्या घाईत नजरेआड झाली, एवढे खरे.

या रीतीची खरी किंमत आम्हांला कळली ती २०१७ साली, एका अगदी घरगुती चित्रामुळे. आमच्यातील एका अस्थिरोगतज्ज्ञाने आपल्या चौदा महिन्यांच्या नातवाचे छायाचित्र आणले होते. देव्हाऱ्यासमोर बसलेले, दोन दात दाखवून हसणारे मूल. अशा चित्राला अभिप्राय तो काय द्यावयाचा? आजोबा समोर बसलेले. ‘किती गोड’ याशिवाय तोंडून काही निघणे कठीण. परंतु वर्णनाची फेरी नियमाने झाली. समई, झबल्यावरील ससा, भिंतीवरील सावली असे होता होता गणिताच्या बाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, ‘‘उजव्या डोळ्याची बाहुली तांबडी आहे. डाव्या डोळ्याची पांढरी आहे.’’ डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘बाई, तो फ्लॅशचा परिणाम. छापण्याआधी दोन्ही काळ्या करणार आहे, आजकाल एका कळीचे काम आहे ते.’’

फ्लॅशचा प्रकाश भिंगाच्या अगदी जवळून निघाला की तो बाहुलीतून आत शिरतो, दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरावरून परत येतो, आणि चित्रात डोळा तांबडा दिसतो. हौशी छायाचित्रकार या तांबड्या डोळ्याला दोष समजतात. बालरोगतज्ज्ञाला तो निरोगी डोळ्याची खूण वाटतो. ऑफ्थॅल्मोस्कोप हाती घेऊन आम्ही नवजात बालकाच्या डोळ्यांत तीच लाली शोधत असतो. बाहुली पांढरी दिसली तर कारणे अनेक संभवतात. जन्मजात मोतीबिंदू असेल. किंवा काहीच नसेल : डोळा नाकाच्या दिशेने साधारण १५ अंश वळलेला असताना फ्लॅश उडाला, तर प्रकाश ऑप्टिक डिस्कवरून परततो आणि धडधाकट डोळाही पांढरा दिसतो. आणि क्वचित तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग असतो. साधारणपणे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकात आढळणारा. मी डॉक्टरांना एवढेच विचारले की नातवाची आणखी चित्रे आहेत काय. हौशी आजोबांकडे ती शेकड्यांनी होती. मागील चार महिन्यांत, वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या सात चित्रांत तोच डोळा पांढरा होता. सोमवारी सकाळी मूल नेत्रतज्ज्ञाकडे गेले.

निदान रेटिनोब्लास्टोमाचेच झाले. केमोथेरपीची सहा आवर्तने, लेसर, दर काही आठवड्यांनी भूल देऊन तपासणी, अशी दोन वर्षे त्या कुटुंबाने काढली. डोळा राहिला, त्यातील दृष्टी अंधूक आहे. मुलगा शाळेत जातो, आणि चेंडू झेलताना मान किंचित डावीकडे वळवतो.

अशी घटना आपल्याकडेच घडली असे नव्हे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या ब्रायन शॉ यांच्या तान्ह्या मुलाला २००८ साली हाच आजार झाला. निदानानंतर वडिलांनी घरची हजारो छायाचित्रे तपासली, तेव्हा मूल अवघे १२ दिवसांचे असतानाच्या चित्रातही पांढरी बाहुली सापडली. २०१३ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि पुढे घरगुती चित्रांत ही खूण शोधणारी संगणकप्रणाली तयार केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० मुलांची ५० हजारांवर छायाचित्रे तपासली होती. नेत्रविकार असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांच्या निदानापूर्वीच्या चित्रांत या प्रणालीला ती खूण दिसली. स्मरणिकेच्या बिगरवैद्यकीय वाचकांस एवढीच विनंती की डोळे काळे करणारी ती कळ दाबण्यापूर्वी दोन्ही डोळे एकसारखे आहेत ना, ते पाहावे. एकच बाहुली पांढरी असेल तर घाबरू नये. दाखवून मात्र घ्यावे.

असो. अशा घटना वारंवार घडत नाहीत, आणि छायाचित्रांवर बोलण्यासाठी त्यांची गरजही नाही. आमच्या बहुतेक रविवारी कोणाचा जीव टांगणीला लागत नाही; प्रश्न एवढाच असतो की हे चित्र जमले काय. येथे मला दुसरा शब्द आठवतो, ‘अभिप्राय’. आज आपण तो ‘मत’ या अर्थी वापरतो, परंतु संस्कृतात अभिप्राय म्हणजे हेतू, मनातील उद्देश. म्हणजे मूळ अभिप्राय चित्र काढणाऱ्याचा; पाहणाऱ्याने प्रथम तो ओळखावयाचा. आमचे एक फिजिशियन डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांची चित्रे काढतात. पक्षी नेहमी चौकटीच्या मधोमध, पारपत्रावरील छायाचित्रासारखा. त्यांना सगळ्यांनी एकतृतीयांशाचा नियम ऐकविला. (हा नियम जॉन टॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण निसर्गदृश्यांविषयीच्या पुस्तकात मांडला. आकाश आणि जमीन यांच्या वाटणीविषयी त्याने जे सुचविले ते आज लग्नाच्या जेवणावळीच्या चित्रांनाही लावले जाते.) डॉक्टरांनी दोन वर्षे शांतपणे ऐकून घेतले आणि पक्षी मध्येच ठेवला. त्यांना चोचीचा आकार, पायांचा रंग आणि पंखावरील पट्टा स्वच्छ दिसावयास हवा होता. चित्र हे त्यांच्या लेखी टिपण होते. त्या हेतूस धरून जी सूचना आली, की उन्हाची तिरीप मागून असता पायांचा रंग कळत नाही, ती त्यांनी त्याच आठवड्यात अमलात आणली.

बडोद्यास राहून हा भेद आम्हांला लवकर उमगावयास हवा होता. येथील ललित कला विद्याशाखेत अध्यापन केलेले ज्योती भट्ट मुळात चित्रकार आणि मुद्राचित्रकार. गुजरातच्या खेड्यांतील भिंतीवरची चित्रे, रांगोळ्या, गोंदण हे सारे पुसले जाण्यापूर्वी नोंदवून ठेवावे म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि ते काम दशकानुदशके केले. त्यांच्या चित्रांत भिंत असते आणि ती सारवणारी, रंगविणारी बाईही असते. बाईला मध्यभागातून हलवा, अशी सूचना त्यांस कोणी केली असती तर भिंत आणि बाई यांचे नातेच तुटले असते.

आमचा आणखी एक नियम, चित्र कोणाचे हे आधी न सांगण्याचा, याही शहराशी जोडून सांगता येतो. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे बडोद्यात काढली. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या येथेच निवर्तल्या. मुंबईत त्यांनी काढलेली सुरुवातीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावे छापली जात असत. चित्र तेच, खाली नाव कोणाचे यावर ते पाहणाऱ्याची नजर बदलते. आमच्या गटात नावे झाकल्याबरोबर दोन गोष्टी झाल्या. ज्येष्ठ शल्यविशारदांच्या चित्रांना पूर्वी मिळणारी वाहवा निम्म्यावर आली. आणि कोपऱ्यात बसणाऱ्या एका भूलतज्ज्ञ बाईंची चित्रे लोक थांबून पाहू लागले. पहिल्या गोष्टीने काही सभासद कमी झाले. दुसऱ्या गोष्टीसाठी ती किंमत मला जास्त वाटत नाही.

आता घेणाऱ्याविषयी. पेंडलटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली रुग्णसंवादाच्या शिक्षणासाठी जी रीत सुचविली, तीत शिकणाऱ्याने प्रथम स्वतः बोलावयाचे असते : काय चांगले झाले, काय निराळे करता आले असते. वॉर्डात ती उपयोगी आहे. छायाचित्राला मात्र मी तिच्या उलट बाजूचा आहे. चित्र काढणाऱ्याने शेवटपर्यंत गप्प बसावे. त्याने तोंड उघडले की तो चित्रात नसलेल्या गोष्टी सांगू लागतो. पहाटे चार वाजता उठलो, चिखलात पालथा पडलो होतो, वारा काय सुंदर सुटला होता. तो वारा त्याच्या आठवणीत आहे, कागदावर नाही, आणि पाहणाऱ्याला कागदच मिळालेला आहे. हे मौन पाळणे कठीण असते. रुग्णाला मध्येच न तोडता त्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे आपल्याला जितके कठीण जाते, तितकेच.

परंतु त्या मौनात कधी कधी मोठा लाभ होतो. नवजात शिशु विभागाबाहेरच्या बाकावर, गुडघ्यांवर स्टीलचा डबा ठेवून बसलेल्या एका बापाचे चित्र मी त्याच्या संमतीने काढले होते. माझ्या मनात तो न उघडलेला डबा होता. बँकेचे गृहस्थ म्हणाले, ‘‘याच्या शेजारच्या जागेवर शाल पडली आहे. आत्ताच कोणी उठून गेले आहे.’’ वकिलांनी विचारले, ‘‘आत बोलावले असेल काय तिला?’’ आईला खरोखरच आत बोलावले होते, दूध पाजण्यासाठी, प्रथमच. शाल मी चौकटीत घेतली होती ती उजवी बाजू रिकामी राहू नये म्हणून. त्या सकाळपासून ते चित्र मला डब्याचे न वाटता शालीचे वाटते.

प्रत्येक अभिप्राय असा घरी न्यावा, असे मी म्हणणार नाही. दहा जणांचे ऐकून दहा वेळा चौकट कापणाऱ्या एका सभासदाच्या हाती शेवटी खारीचे शेपूट उरले होते. एकाने सांगितलेले ऐकून ठेवावे. तिघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले तर उपाय सुचावा वा न सुचावा, दुखणे तेथे आहे असे धरावे. उपायाच्या बाबतीत पाहणारे बहुधा चुकतात. दुखण्याची जागा दाखविण्यात ते फारसे चुकत नाहीत. रुग्णांचेही असेच असते : औषध कोणते हवे हे ते चुकीचे सांगतील, पण कोठे दुखते हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

आणि एका व्यक्तीचा अभिप्राय आपण क्वचितच घेतो. जिचे चित्र काढले तिचा. मुलांची छायाचित्रे आई-वडिलांच्या लेखी संमतीशिवाय पडद्यावर आणावयाची नाहीत, हा आमचा नियम आहेच. त्यापुढे जाऊन गेल्या काही वर्षांपासून मी छापील प्रत प्रथम त्या घरच्यांना दाखवितो. कमी दिवसांच्या, बाराशे ग्रॅम वजनाने जन्मलेल्या एका मुलीला आई छातीशी धरून बसली होती, कांगारूसारखी. शालीतून बाहेर आलेला, माझ्या अंगठ्याएवढा तिचा तळपाय मी टिपला होता. आमच्या गटाने त्या पायाची, त्यावर पडलेल्या खिडकीच्या प्रकाशाची मनापासून वाखाणणी केली होती. दोन महिन्यांनी वजन करावयास आली तेव्हा आईने ते चित्र हाती घेतले, बराच वेळ पाहिले आणि गुजरातीत म्हणाली, ‘‘साहेब, पाय उघडा आहे. पोरीला गार लागत असेल.’’ शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सासूने मान डोलावली. मग आईने विचारले की याच दिवशीचे, पाय झाकलेले दुसरे चित्र आहे काय. होते. तिने ते निवडले; नवरा सुरतेस कामाला असतो, त्याच्या पाकिटात मावेल एवढेच हवे, असे सांगितले, आणि पैसे किती म्हणून पदराची गाठ सोडू लागली.